गुणवत्तेच्या ठेकेदारांनो, कॅरोल ग्रायडर माहीत आहे का?

प्रवेशाचा हंगाम आला की आपल्या देशात गुणवत्तेची ओरड सुरू होते. कमी मार्कांची मुले डॉक्टर झाली तर रोगी मरतील, राखीव जागांमुळे संशोधनाचा दर्जा घसरला, ही वाक्ये आपण १९९० मध्ये मंडल आयोगाच्या वेळी ऐकली. २००६ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या आवारातून ती पुन्हा ऐकली. आजही नीटचा निकाल लागला की तीच वाक्ये कानावर येतात. ओरडणारे बदलतात, वाक्ये बदलत नाहीत. या मंडळींच्या लेखी गुणवत्ता म्हणजे एका दिवशी, तीन तासांत, एका कागदावर पडलेला आकडा. तो आकडा ज्याच्याकडे जास्त तो श्रेष्ठ, ज्याच्याकडे कमी तो नालायक. जन्मावरून माणसाची किंमत ठरवण्याची जुनी सवय आता मार्कांच्या नावाखाली चालू आहे, एवढाच फरक.

या ठेकेदारांना एकच प्रश्न विचारावासा वाटतो. कॅरोल ग्रायडर हे नाव तुम्ही ऐकले आहे काय?

माणूस म्हातारा का होतो आणि त्याला कर्करोग का होतो, या दोन प्रश्नांचा एकमेकांशी काय संबंध आहे, हे समजून घेण्यात या अमेरिकन शास्त्रज्ञ स्त्रीचा फार मोठा वाटा आहे. २००९ मध्ये एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि जॅक शोस्टॅक यांच्यासह त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक एकाच वर्षी दोन स्त्रियांना मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. स्टॉकहोमहून फोन आला तेव्हा पहाट होती आणि ग्रायडरबाई घरातल्या धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

आता त्यांच्या मार्कांची गोष्ट ऐका. ग्रायडर यांचा जन्म १९६१ चा. लहानपणी त्यांना शब्दांची अक्षरे नीट लावता येत नसत. शाळेत त्यांना वेगळ्या जादा तासाला बसवत. आपण मठ्ठ आहोत, असे त्या मुलीला वाटू लागले. तिला डिस्लेक्सिया होता. २००७ च्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटातल्या ईशानला जो त्रास होता, तोच. पुढे त्या कॅलिफोर्नियात शिकल्या, प्रयोगशाळेत काम केले, वर्गातली कामगिरीही चांगली झाली. परंतु पीएच.डी.च्या प्रवेशासाठी तिकडे जी जीआरई नावाची परीक्षा द्यावी लागे, तिच्यात त्यांचे गुण फार कमी आले. बहुतेक विद्यापीठांनी तो आकडा पाहिला आणि अर्ज बाजूला ठेवला. कॅलटेक आणि बर्कले या दोनच संस्थांनी त्यांना मुलाखतीला बोलावले. त्या दोन संस्थांनी आकड्याच्या पलीकडे पाहिले नसते, तर आजच्या जीवशास्त्रातला एक मोठा शोध त्या मुलीच्या हातून झाला नसता.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ग्रायडर काही झोपडपट्टीतून आलेल्या नव्हत्या. त्या गोऱ्या, त्यांचे वडील विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. आई लहानपणीच गेली, पण घरात पुस्तके होती, ज्ञानाचे वातावरण होते. म्हणजे सगळे पाठबळ असलेल्या मुलीचीही पारख एका परीक्षेला करता आली नाही. मग ज्या मुलाच्या घरात पहिले पुस्तक त्यानेच आणले, ज्याची आई दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाते, ज्याला वर्गात आडनावावरून ओळखले जाते, त्याची पारख ही परीक्षा कशी करणार? हा प्रश्न आपण विचारायचा आहे, आणि मोठ्या आवाजात विचारायचा आहे.

त्यांनी शोधले काय, तेही नीट समजून घेऊ. कारण विज्ञान समजून घेणे हे आपल्या चळवळीचे काम आहे, ते कोणावर सोपवून चालणार नाही.

आपल्या शरीरातील पेशींमध्ये ४६ गुणसूत्रे असतात. शरीराच्या घडणीची माहिती त्यांत साठवलेली असते. शरीर वाढते, जखम भरते, नवे रक्त तयार होते, तेव्हा पेशी दुभंगून एकाच्या दोन होतात. त्यासाठी आधी गुणसूत्रांची नक्कल करावी लागते. ही नक्कल करणारी यंत्रणा अगदी शेवटच्या टोकापर्यंत पोचू शकत नाही. दर वेळी टोकाचा थोडा भाग राहून जातो. गोधडीचे काठ दर धुण्याला थोडे थोडे झिजावेत, तसे हे टोक झिजते. गुणसूत्राच्या या टोकाला टेलोमेअर म्हणतात. काठ शाबूत असेपर्यंत गोधडी टिकते. काठ गेला की आतले उसवायला लागते. लिओनार्ड हेफ्लिक या शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये दाखवले होते की माणसाची साधी पेशी काचेच्या भांड्यात वाढवली तर ती साधारण ४० ते ६० वेळा दुभंगते आणि मग थांबते. का थांबते, हे मात्र तेव्हा कळले नव्हते.

उत्तराचा धागा सापडला तो डबक्यात. टेट्राहायमेना नावाचा एकपेशीय जीव गोड्या पाण्याच्या डबक्यात राहतो. त्याच्याकडे हजारो छोटी छोटी गुणसूत्रे असतात, म्हणजे अभ्यासाला हजारो टोके मिळतात. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या ब्लॅकबर्न यांनी या क्षुद्र जीवाच्या गुणसूत्रांची टोके वाचली आणि तिथे सहा अक्षरांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो, हे १९७८ मध्ये दाखवले. झिजलेले टोक पुन्हा बांधणारे काहीतरी पेशीत असले पाहिजे, असा तर्क पुढे आला. हे ‘काहीतरी’ शोधण्याचे काम बर्कलेच्या प्रयोगशाळेत १९८४ मध्ये नव्याने आलेल्या कॅरोल ग्रायडर या विद्यार्थिनीने अंगावर घेतले. त्याच वर्षीच्या नाताळाच्या दिवशी, सगळे सुट्टीवर असताना, त्या प्रयोगशाळेत गेल्या आणि प्रयोगाची फिल्म धुऊन पाहिली. फिल्मवर शिडीच्या पायऱ्यांसारख्या रेघा होत्या, सहा सहा अक्षरांच्या अंतराने. टोके बांधणारे विकर सापडले होते. त्याचे नाव पुढे टेलोमरेज पडले. तेव्हा त्यांचे वय २३ होते.

पुढे १९९० मध्ये कॅल्व्हिन हार्ले आणि ब्रूस फ्युचर यांच्यासह ग्रायडर यांनी दाखवले की माणसाच्या पेशी जसजशा दुभंगत जातात, तसतसे त्यांचे टेलोमेअर आखूड होत जाते. आपल्या बहुतेक पेशींत टेलोमरेज बंद असते किंवा फार कमी असते, म्हणून त्या कधीतरी थांबतात. कर्करोगाची पेशी मात्र थांबत नाही. तपासलेल्या कर्करोगांपैकी साधारण ८५ ते ९० टक्क्यांमध्ये टेलोमरेज पुन्हा सुरू झालेले आढळते. म्हणजे जे विकर नसल्याने पेशी म्हातारी होते, तेच विकर भलत्या जागी जागे झाले तर पेशी बेबंद होते. टेलोमेअर जन्मतः फार आखूड असले तर अस्थिमज्जा निकामी होते, फुप्फुसे कडक होतात. काही घराण्यांत ते फार लांब असते, तर तिथे गाठी आणि रक्ताचे विकार वाढलेले दिसतात. ‘टेलोमेअर वाढवा आणि चिरतरुण राहा’ अशा गोळ्या विकणारे जगभर आहेत. त्यांच्यापासून आपल्या माणसांनी सावध राहावे. शरीराला तोल लागतो.

डबक्यातल्या एका जीवाकडे पाहत बसण्याचा उपयोग काय, असे त्या काळी कोणीही म्हटले असते. जून २०२४ मध्ये टेलोमरेजला रोखणारे पहिले औषध, इमेटेलस्टॅट, रक्ताच्या एका गंभीर विकारासाठी अमेरिकेत मंजूर झाले. त्या नाताळाला तोपर्यंत जवळजवळ चाळीस वर्षे झाली होती. ज्या जीवाला कोणी किंमत देत नव्हते आणि ज्या विद्यार्थिनीला बहुतेक विद्यापीठांनी किंमत दिली नव्हती, त्या दोघांच्या भेटीतून हे ज्ञान जन्माला आले.

आता या कथेतील दोन जागांकडे बघू. त्या आपल्या वाचकांना माहीत असल्या पाहिजेत.

पहिली जागा कोल्ड स्प्रिंग हार्बर. १९८८ ते १९९७ या काळात ग्रायडर यांनी इथे काम केले. न्यूयॉर्क शहरापासून साधारण पन्नास-साठ किलोमीटरवरचे हे गाव. याच ठिकाणी १९१० ते १९३९ पर्यंत ‘युजेनिक्स रेकॉर्ड ऑफिस’ नावाचे कार्यालय चालत होते. माणसांच्या वंशावळी गोळा करायच्या, कोणते रक्त चांगले आणि कोणते वाईट ते ठरवायचे आणि ‘हलक्या’ माणसांना मुले होऊ नयेत म्हणून सक्तीच्या नसबंदीचे कायदे करवून घ्यायचे, हा त्याचा उद्योग. आनुवंशिकताशास्त्राच्या नावावर चाललेला तो अमेरिकेचा मनुवादच होता. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हा हे दुकान तिथून काही तासांच्या अंतरावर जोरात चालू होते.

आणि हे कार्यालय अजून बंद व्हायचे होते, तेव्हाच १९३६ मध्ये बाबासाहेबांनी ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ लिहिले. जातीमुळे रक्ताची शुद्धता राहते, जात म्हणजे उत्तम प्रजा घडवण्याचे शास्त्र आहे, असे सांगणाऱ्यांचा त्यांनी त्यात समाचार घेतला. त्यासाठी त्यांनी मेंडेलच्या आनुवंशिकतेवर ग्रंथ लिहिणाऱ्या बेटसन या शास्त्रज्ञाचा आधार दिला. बुद्धीचे गुण एका ठरावीक नियमाने पिढ्यान् पिढ्या उतरतात असे विज्ञान सांगत नाही, हा त्यातला मुद्दा. आनुवंशिकतेचे जे ज्ञान आजच्या शास्त्रज्ञांनाही नाही, ते जाती बनवणाऱ्या पूर्वजांना होते असे कसे मानायचे, असा बाबासाहेबांचा सवाल होता. एक अर्थशास्त्रज्ञ आणि कायदेपंडित १९३६ मध्ये आनुवंशिकताशास्त्राची पुस्तके वाचून वाद घालतो, ही गोष्ट आपण किती वेळा आठवतो? विज्ञान ज्याच्या हातात असते, तो त्याचा वापर आपल्या सोयीने करतो. म्हणून ते आपल्याही हातात पाहिजे, हा त्यातला धडा.

दुसरी जागा बाल्टिमोरची जॉन्स हॉपकिन्स. ग्रायडर १९९७ मध्ये तिथे गेल्या. याच संस्थेच्या रुग्णालयात १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स नावाची काळी स्त्री गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर उपचार घेत होती. तंबाखूच्या शेतात राबलेल्या घराण्यातली ती पाच मुलांची आई. काळ्यांसाठी वेगळा वॉर्ड होता, त्यात तिला ठेवले होते. तिच्या गाठीचा एक तुकडा तिला न विचारता प्रयोगशाळेत पाठवण्यात आला. त्या पेशी मेल्याच नाहीत. दर दिवसाला दुप्पट होत राहिल्या. ४ ऑक्टोबर १९५१ रोजी, ३१ व्या वर्षी, हेन्रिएटा गेली. तिला दफन केले, पण कबरीवर अनेक दशके नावाचा दगडही नव्हता. तिच्या पेशी मात्र ‘हेला’ नावाने जगभर गेल्या. पोलिओच्या लसीच्या चाचणीसाठी या पेशी मोठ्या प्रमाणावर वाढवण्याचे काम टस्कीगी या काळ्यांच्या संस्थेत झाले. आणि माणसातील टेलोमरेज प्रथम सापडले, १९८९ मध्ये, तेही हेला पेशींतच. ग्रेग मॉरिन या शास्त्रज्ञाने ते दाखवले. डबक्यातल्या जीवापासून माणसापर्यंतचा पूल हेन्रिएटाच्या शरीरावरून गेला आहे.

तिच्या कुटुंबाला या सगळ्याची माहिती १९७० च्या दशकात मिळाली. तोवर त्या पेशींचा व्यापार सुरू झाला होता आणि तिच्या मुलांकडे आरोग्य विम्याचे पैसे नव्हते. २०२३ मध्ये थर्मो फिशर या कंपनीला तिच्या वारसांशी तडजोड करावी लागली. मृत्यूनंतर ७२ वर्षांनी! बाबासाहेबांनी १९४६ मध्ये काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून दोन समाजांच्या स्थितीतले साम्य सांगितले होते. ते साम्य किती खोल जाते, हे हेन्रिएटाकडे पाहिले की कळते. ज्यांचा स्पर्श नको, त्यांचे श्रम मात्र हवेत, हा आपला अनुभव. तिथे तर शरीराचा तुकडाही चालला.

म्हणजे बघा. डबक्यातला जीव, परीक्षेत मागे पडलेली मुलगी आणि वेगळ्या वॉर्डातली काळी बाई. म्हातारपण आणि कर्करोग यांच्याविषयी जगाला जे मोठे ज्ञान मिळाले, ते या तिघांवाचून उभे राहत नाही. या तिघांनाही त्या त्या वेळच्या प्रतिष्ठितांनी कमी लेखले होते. गुणवत्तेचे ढोल बडवणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

या विज्ञानाला आपल्या आयुष्याचा प्रश्नही जोडलेला आहे. आयुष्य कपाळावर लिहिलेले असते, पूर्वजन्मीच्या कर्माने ठरते, असे आपल्याला हजारो वर्षे सांगितले गेले. पेशींचा अभ्यास तसे सांगत नाही. शरीर कसे झिजते यात जन्मतः मिळालेल्या जनुकांचा वाटा आहे. तसाच तंबाखूचा, वारंवार होणाऱ्या रोगांचा, अन्नाचा आणि कष्टाच्या जगण्याचाही आहे. आणि जगणे सगळ्यांचे सारखे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागाच्या २०१८ च्या अहवालात नमूद आहे की भारतात दलित स्त्री सवर्ण स्त्रीपेक्षा सरासरी १४.६ वर्षे आधी मरते. देशातील नऊ राज्यांच्या माहितीवरून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात उच्चजातीय हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचे आयुर्मान चार वर्षांहून अधिक आणि दलितांचे तीन वर्षांहून अधिक कमी आढळले. मुसलमानांचे सुमारे एक वर्षाने कमी. त्या नऊ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, हे खरे. पण घरच्या सांपत्तिक स्थितीचा हिशेब धरूनही ही दरी पूर्ण मिटत नाही, हे त्यातले महत्त्वाचे. ही दरी टेलोमेअरमुळे पडली, असा दावा मी करत नाही. तसे कोणी सिद्ध केलेले नाही. पण जातीचा हिशेब माणसाच्या आयुष्याच्या वर्षांत होतो, हे आता आकड्यांनी सांगितले आहे. हा प्रश्न प्रयोगशाळेत कोण मांडणार? ज्याच्या घरात माणसे लवकर गेली, तो मांडणार. म्हणून आपली मुले प्रयोगशाळेत पाहिजेत.

ती तिथे पोचतात तेव्हा काय होते? एम्समधील दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी करणाऱ्या प्रा. सुखदेव थोरात समितीने २००७ मध्येच तिथला भेदभाव कागदावर आणला. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. त्याला विज्ञानावर लिहिणारा लेखक व्हायचे होते. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. ती स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी आपल्या संशोधक विद्यार्थ्यांना आझाद मैदानावर आंदोलन करावे लागते. बर्कलेने एका मुलीकडे आकड्यापलीकडे पाहिले आणि जगाला टेलोमरेज मिळाले. आपल्या संस्थांनी आकड्यापलीकडे पाहिले ते फक्त आडनाव शोधायला!

जग मात्र हळूहळू शहाणे होत आहे. २०१८ च्या सुमारापासून अमेरिकेतील अनेक विद्यापीठांनी जीवशास्त्राच्या पीएच.डी. प्रवेशासाठी जीआरईची अट काढून टाकली. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०२२ मध्ये वैद्यकीय प्रवेशातील ओबीसी आरक्षण कायम ठेवताना गुणवत्ता केवळ स्पर्धा परीक्षेतील गुणांवर मोजता येत नाही, असे स्पष्ट केले. हा निकाल आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ असायला हवा.

शेवटी थोडे आपल्याविषयी. आपल्या वस्त्यांतून इंजिनिअर निघाले, अधिकारी निघाले, याचा अभिमान आहे. परंतु हुशार मुलगा दिसला की त्याला एमपीएससीच्या अभ्यासिकेत बसवायचे आणि त्याची दहा वर्षे तिथे घालवायची, ही रीत आपण बदलली पाहिजे. ज्याला किड्यामुंग्यांकडे, पानाफुलांकडे पाहत बसायची आवड आहे, त्याला वेडा म्हणू नका. त्याला मूलभूत विज्ञानाकडे पाठवा. अधिछात्रवृत्ती वेळेवर मिळावी यासाठी समाजाने विद्यार्थ्यांच्या पाठीशी उभे राहावे. एखादे लेकरू अक्षरांत अडखळत असेल, तर ते ढ आहे असा शिक्का मारण्यापूर्वी त्याची तपासणी करून घ्या.

आणि एक काम आजच करण्यासारखे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ३० ते ४९ वयाच्या दोन टक्क्यांहून कमी स्त्रियांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधीतरी करून घेतली होती. हेन्रिएटा ज्या रोगाने गेली तो हाच. तो वेळीच सापडला तर बाई वाचते. आपल्या विहारांत, समाजमंदिरांत दर वर्षी जयंतीला रक्तदान शिबिरे होतात. त्याच मांडवात आपल्या आयाबहिणींसाठी ही तपासणी का होऊ नये? जिल्हा रुग्णालयाकडे मागणी करा, पाठपुरावा करा. हेन्रिएटाला कोणी विचारले नव्हते. आपण आपल्या घरातल्या बाईला निदान विचारू या.

जय भीम!